चाचणी नमुन्याची, प्रवास तुमच्या ड्रमचा: यूएन पॅकिंगची नवख्यांसाठी ओळख

तळोजा, महाड, लोटे, तारापूर, कुरकुंभ, कुठलीही रासायनिक वसाहत घ्या. डिस्पॅचला नवा मुलगा रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात तो ड्रमवरच्या छापील ओळीवर बोट ठेवून विचारतो, "सर, हे काय लिहिलंय?" आणि बहुतेक ठिकाणी त्याला उत्तर मिळतं, "यूएन मार्क आहे. तो असला की पोर्टवर अडवत नाहीत." यूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रं; त्यांच्या नियमांप्रमाणे या पॅकिंगचा नमुना धोकादायक मालासाठी तपासून पास झालाय, अशी ती खूण. उत्तर चूक नाही, पण मीही पहिली तीन वर्षं एवढंच समजत होतो आणि त्याची किंमत मोजली. ती गोष्ट पुढे येईलच.

हा लेख ४५० लिटर किंवा ४०० किलोपर्यंतच्या पॅकिंगबद्दल आहे: ड्रम, कॅन, खोकी, गोणी. टँकर, गॅस सिलिंडर आणि दाबाखालच्या टाक्या हे वेगळं राज्य आहे. तिथे नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'चे, म्हणजे पूर्वीच्या स्फोटके विभागाचे नियम चालतात. किरणोत्सारी मालाची तऱ्हा तर आणखीनच निराळी. त्याची मजबूत पेटी नऊ मीटरवरून पाडतात, नंतर ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवतात. आपल्या ड्रमला एवढं सोसावं लागत नाही. पण जे सोसावं लागतं, तेही कमी नाही.

नियम आले कुठून, ते थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं १९५६ साली धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी शिफारशी छापल्या. पुस्तकाचं मुखपृष्ठ नारिंगी, म्हणून सगळे त्याला ऑरेंज बुक म्हणतात. समुद्रमार्गासाठी त्यावरून आयएमडीजी कोड झाला आणि १ जानेवारी २००४ पासून तो सक्तीचा झाला. विमानासाठी आयकाओ आणि आयएटीएचे नियम. भारतात समुद्राची जबाबदारी नौवहन महासंचालनालयाकडे, विमानाची डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे. पॅकिंगची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचं काम प्रामुख्यानं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग करते. ही संस्था १९६६ ची, मुख्यालय मुंबईत अंधेरीला. आपल्या भागातले लोक तिला नुसतं 'आयआयपी' म्हणतात आणि 'आयआयपी झालंय का?' असं विचारतात.

आधी कागद, मग ड्रम

ड्रमवाल्याला फोन करण्याआधी मालाची एसडीएस, म्हणजे सुरक्षेची माहितीपत्रिका, उघडा. तुम्हाला पाच गोष्टी हव्यात. यूएन क्रमांक (मालाचा आंतरराष्ट्रीय नंबर), वर्ग (धोक्याचा प्रकार) आणि पॅकिंग ग्रुप या तीन चौदाव्या विभागात मिळतात. घनता (माल पाण्याच्या किती पट जड) आणि बाष्पदाब (बंद भांड्यात द्रवाच्या वाफेचा दाब) या दोन नवव्या विभागात. पहिल्या तीन सगळे बघतात, शेवटच्या दोन कोणी बघत नाही. घोळ तिथेच होतो.

पॅकिंग ग्रुप म्हणजे धोक्याची प्रत. एक म्हणजे जबर, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे त्या मानानं सौम्य. ड्रमवर याला जोडून एक अक्षर असतं. एक्स असेल तर तो ड्रम तिन्ही ग्रुपांना चालतो, वाय असेल तर दोन आणि तीनला, झेड असेल तर फक्त तीनला.

बाष्पदाब कुठल्या तापमानाला दिलाय, तेही वाचा. बऱ्याच एसडीएसमध्ये तो २० अंशांचा असतो आणि नियमाला लागतो ५० किंवा ५५ अंशांचा. उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी कंटेनरच्या पोटात काय होतं, ते ज्यानं मे महिन्यात उरणच्या यार्डात दार उघडून बघितलंय, त्याला हा आकडा का निवडला ते सांगावं लागत नाही.

मार्क वाचायला शिका

समजा ड्रमवर यूएनच्या गोल चिन्हापुढे असं आहे: १ए१/वाय१.४/१५०/२४/आयएनडी आणि पुढे उत्पादकाची खूण. प्रत्यक्षात अक्षरं रोमन असतात, मी इथे देवनागरीत लिहितोय.

पहिला १ म्हणजे ड्रम. जेरीकॅनला ३, खोक्याला ४, गोणीला ५ आणि आत प्लास्टिक, बाहेर पत्रा अशा जोडपॅकिंगला ६. मग येतो पदार्थ: ए म्हणजे स्टील, बी म्हणजे ॲल्युमिनियम, एच म्हणजे प्लास्टिक, जी म्हणजे पुठ्ठा. शेवटचा अंक ड्रमचं तोंड सांगतो. १ म्हणजे वरचं झाकण पक्कं आणि त्यात फक्त बंगची, म्हणजे आट्यांच्या बुचांची, भोकं, २ म्हणजे क्लॅम्प रिंगनं अख्खं झाकण निघतं तो. म्हणून १ए१ हा द्रवासाठीचा नेहमीचा लोखंडी ड्रम, १एच१ निळा प्लास्टिकचा ड्रम, ३एच१ आपला कॅन आणि ४जी पुठ्ठ्याचा बॉक्स.

वायनंतरचं १.४ ही घनता. एवढ्या जड द्रवापर्यंत हा ड्रम तपासलेला आहे. तिथे आकडाच नसेल तर १.२ धरायचं. १५० म्हणजे किलोपास्कलमध्ये पाण्याचा चाचणी दाब. शॉप फ्लोअरच्या भाषेत १०० किलोपास्कल म्हणजे जवळपास एक किलो प्रेशर. २४ हे बनवल्याचं वर्ष, आयएनडी म्हणजे भारतात दिलेली मंजुरी. घन मालाच्या पॅकिंगवर घनतेच्या जागी किलोमधलं एकूण वजन आणि दाबाच्या जागी एस हे अक्षर असतं. एस असलेल्या ड्रममध्ये द्रव भरायचा नाही, मग तो ड्रम कितीही दणकट दिसो.

प्लास्टिकच्या ड्रम-कॅनवर वर्षासोबत महिनाही असतो, बहुधा घड्याळासारख्या गोल ठशात बाण उमटवलेला. तो महिना महत्त्वाचा, कारण प्लास्टिकचं आयुष्य बनल्यापासून पाच वर्षं धरलेलं आहे. ५५ टक्क्यांहून तीव्र नायट्रिक ॲसिड असेल तर फक्त दोन. मोजणी ड्रम बनल्या दिवसापासून होते, भरल्या दिवसापासून नाही. स्टोअरच्या कोपऱ्यात दीड वर्ष पडून राहिलेला कॅन नायट्रिकला देताना हा हिशेब आठवा.

आणखी एक खूण. १०० लिटरपेक्षा मोठा नवा लोखंडी ड्रम असेल तर मार्क फक्त रंगानं छापून चालत नाही, तळाला ठोकून उठवलेला असावा लागतो आणि तिथे पत्र्याची जाडीही असते. बाजूला सुबक छापलंय आणि तळ कोरा, असा ड्रम आला की मी तो सरळ परत पाठवतो.

माझी चूक: एमडीसीचा हिशेब

आता ती गोष्ट. मिथिलीन क्लोराइड, आपल्याकडे सगळे एमडीसी म्हणतात. यूएन १५९३, वर्ग ६.१, पॅकिंग ग्रुप तीन. मी नवा होतो. ग्रुप तीन म्हणजे सौम्य, म्हणजे कुठलाही ड्रम चालेल, असं समजून बाजारात स्वस्त मिळणारे वाय१.२/१०० चे ड्रम मागवले. वाय म्हणजे गरजेपेक्षा एक पायरी वरचं, असं मनाला समाधानही दिलं. मे महिन्यात यार्डात चार दिवस माल थांबला आणि ड्रमांच्या टोप्या पुरीसारख्या फुगल्या. दोन ड्रमांच्या बंगमधून वास यायला लागला. सगळा माल पुन्हा पॅक करावा लागला. तेव्हा मला बोलणी खावी लागली ती रास्तच होती.

चूक दोन ठिकाणी होती. एमडीसीची घनता १.३३, म्हणजे ड्रमवर किमान १.४ हवं. आणि ते ४० अंशांच्या आसपासच उकळतं. ५० अंशांना त्याचा बाष्पदाब १४० किलोपास्कलच्या घरात जातो. नियमाचं सूत्र असं आहे: ५० अंशांच्या बाष्पदाबाला १.७५ नं गुणा, त्यातून १०० वजा करा. येणारा आकडा हा लागणारा चाचणी दाब, पण तो किमान १०० धरायचाच. आणि ग्रुप एकचा द्रव असेल तर किमान २५०.

एमडीसीसाठी १४० गुणिले १.७५ म्हणजे २४५, वजा १०० म्हणजे १४५. म्हणजे १०० चा ड्रम बादच, १५० चा जेमतेम काठावर. मी २०० चा घेतो. हेच ॲसिटोनला लावून बघा. ५० अंशांना ते ८२ च्या आसपास असतं, सूत्रातून ४३ येतात, म्हणून किमान १०० लागू. ॲसिटोन ग्रुप दोनचं, पेट घेणारं, नावानं भीतिदायक, तरी दाबाच्या बाबतीत साध्या ड्रममध्ये बसतं. ग्रुप तीनचं एमडीसी बसत नाही. धोक्याची प्रत आणि ड्रमवरचा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ड्रम फुगल्यावर कळलं.

प्रयोगशाळेत ड्रमचं काय करतात

संधी मिळाली तर एकदा तरी चाचणी डोळ्यांनी बघा. पाडण्याची चाचणी बघितलेला माणूस पुन्हा कधी ड्रम ट्रकवरून टायरवर ढकलत नाही.

ड्रम जवळजवळ पूर्ण भरतात, द्रव असेल तर किमान ९८ टक्के. मग तो उचलून कठीण, न हलणाऱ्या सपाट पायावर पाडतात. उंची ग्रुपवर ठरते: एकला १.८ मीटर, दोनला १.२, तीनला ०.८. ही उंची प्रत्यक्ष माल भरून पाडला तर, किंवा माल १.२ घनतेपर्यंतचा असून पाणी भरलं असेल तर. माल त्याहून जड असेल आणि चाचणी पाण्यावर घ्यायची असेल तर उंची वाढते. घनता पहिल्या दशांशापर्यंत वर ओढून घ्यायची आणि तिला ग्रुप एकसाठी १.५ नं, दोनसाठी १ नं, तीनसाठी ०.६७ नं गुणायचं. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडचं उदाहरण घ्या. यूएन १८३०, ग्रुप दोन, घनता १.८४. ती १.९ धरायची, म्हणजे पाणी भरलेला कॅन १.९ मीटरवरून पडायला हवा. बाजारातल्या साध्या कॅनवर १.९ लिहिलेलं नसतं, ते मागून घ्यावं लागतं.

ड्रम सपाट पाडत नाहीत. तीन नमुने तिरके, काठावर पाडतात. दुसरे तीन नमुने सगळ्यात नाजूक जागेवर: बंगवर, नाहीतर उभ्या वेल्डिंगच्या शिवणीवर. प्लास्टिकचा ड्रम असेल तर आधी तो आतल्या मालासकट उणे १८ अंशांपर्यंत गार करतात, कारण थंडीत प्लास्टिक काचेसारखं तडकतं. आपल्या कोकणातल्या हवेत हे विचित्र वाटेल, पण तुमचा कॅन जानेवारीत हॅम्बुर्गच्या धक्क्यावर उतरणार असतो. पडताना बंगमधून चार थेंब उडाले आणि पुढे गळती नसेल तर ड्रम पास. नंतरही थेंब टपकत राहिला तर नापास.

खोक्यांना पाच नमुने लागतात. एक तळावर, एक डोक्यावर, एक लांब बाजूवर, एक अरुंद बाजूवर, एक कोपऱ्यावर. पुठ्ठ्याला आधी ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवतात, शिवाय तो पाणी किती शोषतो तेही मोजतात. पावसाळ्यात मऊ पडलेलं खोकं ज्यानं उचललंय, त्याला यामागचं कारण कळेल.

मग हवेची गळती चाचणी. ड्रम पाण्याखाली दाबून आत हवा भरायची, ग्रुप एकला किमान ३० किलोपास्कल, दोन-तीनला २०, आणि पाच मिनिटं बुडबुडे शोधायचे. सायकलची ट्यूब पंक्चरसाठी घमेल्यात बुडवतात तसंच. बाकीच्या चाचण्या नमुन्यांवरच होतात, गळती चाचणी मात्र द्रवाच्या प्रत्येक ड्रमची उत्पादकाच्या कारखान्यात व्हावी लागते. ड्रम दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला तरी परत.

पाण्याचा दाब: धातूला पाच मिनिटं, प्लास्टिकला तीस. प्लास्टिक हळूहळू ताणतं, म्हणून त्याला जास्त वेळ.

शेवटी रचण्याची चाचणी. तीन मीटर उंच थप्पीत सगळ्यात खालच्या ड्रमवर जेवढं वजन येईल तेवढं वर ठेवतात. ड्रम ९० सेंटीमीटर उंच आणि भरून ३०० किलोचा असेल तर डोक्यावर सुमारे ७०० किलो. लोखंडी ड्रमला हे २४ तास सोसायचं असतं. द्रवाच्या प्लास्टिक ड्रमला आणि कॅनला मात्र ४० अंशांत २८ दिवस. ही सगळ्यात कंटाळवाणी चाचणी, बघण्यासारखं काही नाही. पण प्लास्टिकचे ड्रम खरे इथेच नापास होतात. पहिल्या दिवशी ताठ उभे असतात, विसाव्या दिवशी पोट सुटायला लागतं.

ड्रमला नमुने किती लागतील? पाडायला ६, गळतीला ३, दाबाला ३, रचायला ३, म्हणजे १५. काही नमुने एकाहून अधिक चाचण्यांना वापरता येतात, पण ते प्रयोगशाळा ठरवते. आपण गृहीत धरू नये.

प्लास्टिकला या सगळ्याच्या आधी एक परीक्षा असते: रसायन भरून मुरवणं. खरा माल भरून सहा महिने ठेवायचं, नाहीतर नियमात दिलेल्या प्रमाण द्रवांपैकी योग्य तो भरून ४० अंशांत २१ दिवस. साबणाचं द्रावण, ॲसेटिक ॲसिड, ब्युटाइल ॲसिटेट, हायड्रोकार्बनचं मिश्रण, ५५ टक्के नायट्रिक आणि पाणी असे ते द्रव आहेत. त्यातलं साबणाचं द्रावण बघून नवखे हसतात. पण ताणाखालच्या पॉलिथिनला बारीक तडे पाडण्यात साबणासारखा वस्ताद नाही.

आणि एक सूचना. या चाचण्या घरी करून बघायच्या नाहीत. विशेषतः हवेचा दाब. पाणी भरलेला ड्रम फुटला तर फक्त भिजायला होतं, हवा भरलेला फुटला तर झाकण तोफेच्या गोळ्यासारखं उडतं. 'कॉम्प्रेसर आहेच, जरा प्रेशर देऊन बघू' असं कोणी म्हणालं तर आधी कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह बंद करा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

ते वाचा. मी बघितलेल्या दहापैकी सात फायलींत प्रमाणपत्र न वाचताच लावलेलं असतं. त्यात ड्रमची मापं, पत्र्याची किंवा भिंतीची जाडी, रिकामं वजन, बंगचा प्रकार आणि गॅस्केटचा, म्हणजे बंगखालच्या गळती रोखणाऱ्या कडीचा, पदार्थ लिहिलेला असतो. मंजुरी त्या सगळ्या जोडणीला मिळालेली असते. त्यातलं एक बदललं की कागद तुमच्या ड्रमबद्दल काहीच सांगत नाही.

एका ठिकाणी, मी तिथे नोकरीला असताना, खरेदी विभागानं ड्रम तोच ठेवला, पण बंगची गॅस्केट वेगळीकडून मागवली. नग पैशात स्वस्त, दिसायला तशीच काळी. तीन आठवड्यांच्या प्रवासात टोल्युइननं ती फुगवून मऊ केली आणि बंग सैल पडले. माल घेणाऱ्यानं फोटो पाठवले, आम्ही प्रमाणपत्र पाठवलं. दोन्ही खरे होते.

म्हणून ड्रमवाल्याकडून आणखी एक कागद मागायचा: झाकण लावण्याच्या सूचना. कुठली गॅस्केट, किती टॉर्क (म्हणजे पिळण्याचा जोर), क्लॅम्प रिंग असेल तर बोल्ट किती आवळायचा. नियमानंच उत्पादकावर हे बंधन टाकलंय, उपकार म्हणून मागायची गरज नाही. चाचणीच्या वेळी बंग ज्या टॉर्कला आवळला होता, त्याच टॉर्कला तुमच्या माणसानं आवळला पाहिजे. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. 'हातानं अंदाज येतो' म्हणणारे दोन प्रकारचे असतात, सैल सोडणारे आणि गॅस्केट कापेपर्यंत पिळणारे.

गोडाऊनमध्ये आलेला ड्रम

गाडी आली की आधी मार्क आणि प्रमाणपत्र जुळवा. मग दर खेपेतून काही ड्रम वजनकाट्यावर घ्या. रिकामं वजन प्रमाणपत्रापेक्षा कमी भरलं तर पत्रा पातळ लावलाय, दुसरा अर्थ नाही. ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि सगळ्यात कमी केली जाते.

त्यानंतर डोळे आणि बोटं. काठावर पिचकलेला ड्रम बाजूला, पोटावरचा उथळ पोचा एकवेळ चालेल. काठ आणि शिवण हे ड्रमचे सांधे आहेत, तिथे तडजोड नाही. बंग काढून आत बॅटरी मारा: गंज, पाणी, आधीच्या मालाचा वास. गॅस्केट जागेवर आहे का ते बोट फिरवून बघा. प्लास्टिकच्या ड्रमला तळाच्या कडेला आणि हँडलच्या मुळाशी पांढरट रेघा दिसल्या तर तो ताणलेला आहे, नाकारा.

मार्कमध्ये आर अक्षर दिसलं तर ड्रम दुरुस्त केलेला आहे. तसा वापरायला बंदी नाही, पण तुम्ही नव्याचे पैसे दिले असतील तर भांडायला हे अक्षर पुरेसं आहे.

भरताना

काठोकाठ भरू नका. ५५ अंशांनाही आत थोडी रिकामी जागा उरली पाहिजे, असा नियम आहे. २५ अंशांना भरलेलं २०० लिटर ॲसिटोन ५५ अंशांना आठ-नऊ लिटरनं वाढतं. जानेवारीत पहाटेच्या पाळीला गार माल भरला असेल तर त्याहून जास्त. ड्रमची काठोकाठ क्षमता ड्रमवाल्याला विचारा आणि लिटरवरून नव्हे, वजनावरून भरा. पेट घेणारा माल असेल तर ड्रमला अर्थिंगची क्लिप लावल्याशिवाय नोझल आत घालायचा नाही, हे सांगायला नको, पण सांगतो.

बंग टॉर्कला आवळल्यावर ड्रम काही वेळ आडवा ठेवून बघा, खाली जाड कागद टाकून. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम, पण डिस्पॅचच्या गर्दीत ते जमत नाही हे मला माहीत आहे. निदान दर लॉटमधले चार तरी ठेवा.

साठवण आणि स्टफिंग

चाचणी तीन मीटरच्या थप्पीची झाली, म्हणून गोडाऊनमध्येही तीन मीटर रचावं असं नाही. प्रयोगशाळेत जमीन सपाट असते आणि वजन सरळ खाली येतं. तुमच्याकडे पॅलेटची एक फळी मोडलेली असते. लोखंडी ड्रम पॅलेटवर दोन थर, प्लास्टिकचे उन्हाच्या बाजूला एकच, असं मी ठेवतो. ॲसिड आणि अल्कली, ऑक्सिडायझर आणि सॉल्व्हंट एका डाइकमध्ये, म्हणजे सांडलेला माल अडवणाऱ्या बांधाच्या आत, नकोत. डाइकमध्ये निदान सगळ्यात मोठ्या भांड्याच्या ११० टक्के माल मावेल एवढी जागा हवी, आणि पावसाचं पाणी काढायचा व्हॉल्व्ह एरवी बंद हवा. तो बहुतेक ठिकाणी उघडाच सापडतो.

कंटेनर भरताना आधी रिकाम्या कंटेनरची फरशी बघा. वर आलेला एक खिळा ड्रमचा तळ फोडायला पुरतो. ड्रम उभेच ठेवा, बंग वर, मधल्या फटींत लाकूड नाहीतर हवेच्या पिशव्या, दाराच्या बाजूला पक्कं बांधकाम. ड्रम हलू शकला तर तो हलणारच, आणि समुद्रात तीन आठवडे हलणार.

मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' जहाज पेटलं. त्यावर १,४८६ कंटेनर होते आणि इतर मालासोबत २५ टन नायट्रिक ॲसिड. ॲसिडचा एक कंटेनर गळतोय हे खलाशांना आधीच कळलं होतं. कतारमधलं हमद आणि आपल्या गुजरातमधलं हजिरा, दोन्हीकडे तो उतरवला गेला नाही. २ जूनला जहाज बुडायला लागलं आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या बारीक दाण्यांचा थर साचला. गळणारा कंटेनर एकदा जहाजावर चढला की त्याला उतरवून घ्यायला कोणी धावत येत नाही. म्हणून दार लावून सील ठोकण्याआधी प्रत्येक रांगेचे फोटो घ्या, बंग दिसतील असे.

रस्त्यानं पाठवताना गाडीवर वर्गाचं लेबल, आणीबाणीच्या माहितीची पाटी आणि ड्रायव्हरजवळ ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड, हवं. हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. कार्ड ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत द्या. मराठी ड्रायव्हरला इंग्रजी कार्ड दिलं तर ते सीटखाली जातं.

विमानानं पाठवायचं असेल तर हा लेख पुरणार नाही. वर हवेचा दाब कमी होतो, म्हणून द्रवाच्या भांड्याला बहुतेक मालांसाठी ९५ किलोपास्कलचा दाबफरक सोसावा लागतो आणि प्रमाणाच्या मर्यादाही फार कडक आहेत. तिथे प्रशिक्षित माणूसच हवा.

वाटेत एखादा गळला तर

गळणारा ड्रम टेप लावून पुढे पाठवायचा नाही. त्यासाठी मोठा साल्व्हेज ड्रम असतो, मार्कमध्ये टी अक्षर असलेला. गळका ड्रम त्यात सरळ ठेवायचा, भोवती शोषून घेणारा माल भरायचा, झाकण लावायचं. असा एक तरी ड्रम डिस्पॅचला कायम ठेवा. आणि पाच रुपयांच्या गॅस्केटची एक बरणीही ठेवा, प्रमाणपत्रातल्याच गॅस्केटची.

रिकामा ड्रम

न धुतलेला रिकामा ड्रम नियमाच्या लेखी भरलेल्यासारखाच धोकादायक माल आहे. तळाशी पेलाभर सॉल्व्हंट आणि वर त्याची वाफ, अशा ड्रमवर गॅस कटर लावल्यामुळे भंगारवाल्यांचे जीव गेलेले आहेत. भरलेल्या ड्रमपेक्षा तो लवकर भडकतो. रसायन लागलेले ड्रम २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्यावे लागतात.

पण आपल्याकडे निळ्या ड्रमचं दुसरं आयुष्य वेगळंच असतं. चाळीच्या गॅलरीत, दुष्काळी गावात दारापुढे, लग्नाच्या मांडवामागे, पाण्यासाठी तोच उभा असतो. विकणारा सांगतो, "धुऊन घेतलाय, काही नाही होत." पॉलिथिन आतलं रसायन भिंतीत मुरवून घेतं आणि नंतर हळूहळू सोडत राहतं, वरवरच्या धुण्यानं ते निघत नाही. म्हणून आमच्या गेटवर एक साधी रीत आहे. प्लास्टिकचा ड्रम धुऊन झाला, वास गेला, की तळाला चार मोठी भोकं पाडायची आणि मार्कवर काळा रंग फासायचा. त्यानंतरच गेटपास फाडायचा. भोकं पाडल्यावर भंगारवाला नगामागे पैसे कमी देतो. देऊ दे.